लाइन थांबवण्याचं कारण

मला तिसरं मूल नको होतं, म्हणून मी गर्भपात केला. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली असं म्हटलं तर छान दिसेल, पण ते खोटं होईल. सातवा आठवडा चालू असताना चिंचवडच्या एका दवाखान्यात डॉक्टरबाईंसमोर बसून मी ते जवळजवळ असंच बोलले होते. त्यांनी विचारलं, मिस्टर आलेत का सोबत? मी म्हटलं, खाली पार्किंगमध्ये आहेत, बोलावू का? त्या म्हणाल्या, गरज नाही, सही तुमची एकटीची लागते. मी सही केली. अशा वेळी बाईला जे जे वाटायला हवं असं लोकांना वाटतं, त्यातलं मला काही वाटत नव्हतं. भूक लागली होती. खाली येऊन आम्ही दोघांनी वडापाव खाल्ला.

पण त्यानंतर जे दुखणं लागलं, त्याने मला पाच-सहा दिवस स्वतःवरच संशय घ्यायला लावला. त्या पाच-सहा दिवसांचा राग माझा अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तेव्हा आम्ही रहाटणीत एका वन बीएचकेमध्ये राहत होतो. मी, नवरा, दोन मुलं आणि मुलांना सांभाळायला लातूरकडून आलेल्या सासूबाई. नवऱ्याला तोंडावर मी अहो म्हणते, लिहिताना तो म्हणणार आहे, त्याला चालतं. तो भोसरीत एका वर्कशॉपमध्ये मशीन चालवायचा. मी चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत, सहा-सहा महिन्यांच्या करारावर. सासूबाईंना आम्ही काही सांगितलं नव्हतं. त्यामुळे या विषयावर घरात बोलायचं झालं तर गॅलरीत जाऊन, कपडे वाळत घालता घालता, कुजबुजत. मोठं भांडण असेल तर काळेवाडीपर्यंत गाडीवर चक्कर मारायची आणि ट्रॅफिकच्या आवाजात भांडायचं.

गोळ्या दोन टप्प्यांत घ्यायच्या होत्या. पहिली दवाखान्यात घेतली, उरलेल्या दोन दिवसांनी घरी. सासूबाईंना सांगितलं, पाळी जोरात आलीय. शनिवार, रविवार आणि सोमवारची एक रजा, एवढ्यात मी उठून उभी राहिले. डॉक्टरबाईंनी कागदावर सगळं लिहून दिलं होतं: पाळीसारखं दुखेल, रक्त काही दिवस जाईल, ताप आला किंवा खूप रक्त गेलं तर लगेच या, पाणी भरपूर प्या. मी सगळं वाचलं आणि शेवटची ओळ सोडून सगळं पाळलं.

ती ओळ का सोडली, ते सांगायला मला आमची लाइन दाखवावी लागेल. आम्ही चौतीस बायका एका लाइनवर. समोरून मोठमोठे लाकडी बोर्ड हळूहळू सरकत जायचे, त्यांवर तारांचा गठ्ठा लावलेला असायचा. प्रत्येकीने आपल्या वाट्याची तार बसवायची, टेप गुंडाळायची आणि बोर्ड पुढे जाऊ द्यायचा. बोर्ड कुणासाठी थांबत नसे. लघवीला जायचं तर लाइन लीडरच्या टेबलाशेजारी खिळ्याला एक लाल कार्ड लटकलेलं असायचं, ते गळ्यात घालून जायचं. आपल्या जागी एक रिलीव्हर मुलगी उभी राहायची. कार्ड एक, रिलीव्हर एक, बायका चौतीस. खिळा रिकामा असला की थांबायचं.

यावर बायकांनी आपला मार्ग काढला होता. पाणीच प्यायचं नाही. पावणेसहाच्या बसला चढण्याआधी अर्धा कप चहा, मग थेट जेवणाच्या सुट्टीत दोन घोट, मग सुटेपर्यंत काही नाही. बाटल्या लाइनच्या टोकाला एका रॅकवर ठेवायचा नियम होता, आणि सुटताना त्यातल्या बहुतेक तशाच भरलेल्या असायच्या. नव्या मुलीला पहिल्या दिवशी टेप गुंडाळायला शिकवायच्या आधी आम्ही हे शिकवायचो. शिकवणारी मी. "आधी शरीराला सवय लाव गं, आठवड्यात जमतं," असं मी किती जणींना सांगितलं असेल. आठ तासांत मी एकदाच जाते, याचा मला गर्व होता. लाइन लीडर दुसऱ्यांना माझं उदाहरण द्यायचा आणि मला ते आवडायचं. आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

तर मंगळवारी मी कामावर परतले आणि शुक्रवारी दुखणं सुरू झालं. आधी ओटीपोटात जडपणा. मग लघवी करताना आग. आग म्हणजे साधी जळजळ नाही; बाथरूममध्ये नळाला धरून उभं राहावं लागायचं आणि दोन थेंबांसाठी डोळ्यांतून पाणी यायचं. बाहेर येऊन पाच मिनिटं झाली नाहीत की पुन्हा लागल्यासारखं वाटायचं. आग होते म्हणून मी पाणी आणखी कमी केलं. मला ते हुशारीचं वाटलं.

रविवारी गॅलरीत मुलांचे शर्ट वाळत घालताना मी नवऱ्याला सांगितलं. त्याने हातातला चिमटा शर्टाला लावला. मग म्हणाला, "त्याचंच असेल हे."

"कशाचं?"

"आपण केलं त्याचं. मी म्हणत होतो ना, अजून एक आठवडा विचार करू."

म्हणाला होता, हे खरं आहे. पण ते म्हणताना तो मोबाईलवर मॅच बघत होता, हेही खरं आहे. मी त्याला तसं सुनावलं. तरी त्याचं ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं. दुखत असलं की माणूस भित्रं होतं. दवाखान्यात सही करून खाली येऊन वडापाव खाणारी बाई आता बाथरूमच्या दारामागे उभी राहून विचार करायला लागली की आत काही राहिलं असेल का, काही फाटलं असेल का, मी स्वतःच्या हाताने स्वतःचं वाटोळं केलं का. मला या विचारांचा राग यायचा आणि तरी ते यायचेच.

सासूबाई घरातल्या सगळ्यांच्या बाथरूमच्या खेपा मोजून असतात. सोमवारी संध्याकाळी त्यांनी मला पाचव्यांदा जाताना बघितलं आणि स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "उन्हाळी लागली व्हय गं तुला? पाणी पी की तांब्याभर. धने-जिरे भिजू घालते."

मी मनात म्हटलं, बाई, तुम्हाला काय ठाऊक. खरं कारण माहीत असतं तर धने-जिरे भिजत घातले नसते. त्यांनी सकाळी गाळून दिलेलं पाणी मी त्यांचं लक्ष नसताना मोरीत ओतलं आणि बस पकडली.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांना गर्भपाताचं काही बोललेच नाही. नुसतं म्हटलं, पोट आणि कंबर दुखते. सासूबाई सोबत होत्या, दुसरं काय म्हणणार? डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली. गोळीने दुखणं दोन-चार तास दबायचं आणि मी त्या दोन-चार तासांत टेप गुंडाळायचे. बुधवारी दुपारी लाइनवर उभ्या उभ्या मला थंडी वाजून आली. चाकणच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात. शेजारची मुलगी म्हणाली, "ताई, तुमचे ओठ पांढरे पडलेत." दुखणं आता पोटातून उजव्या कुशीत चढलं होतं. त्या दिवशी मी सुटल्यावर घरी न जाता सरळ चिंचवडला उतरले.

डॉक्टरबाईंनी ताप बघितला, पोट दाबून बघितलं, सोनोग्राफी केली, लघवी तपासायला पाठवली. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून ठरवत होते की आता काय ऐकायला मिळेल आणि ते ऐकून घरी काय सांगायचं. त्यांनी आत बोलावलं.

"आतून सगळं स्वच्छ आहे. गर्भपात पूर्ण झालाय, गर्भाशयाला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "लघवीच्या जागेला जंतुसंसर्ग झालाय. तो किडनीकडे चढायला लागलाय. दिवसात पाणी किती पिता?"

"ड्युटीवर मी पाणी पीतच नाही," मी म्हटलं. सवयीने त्यात थोडी ऐट आली असणार, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"आणि लघवीला किती वेळा जाता?"

मी कार्डाचं सांगितलं. खिळ्याचं, रिलीव्हरचं. सांगताना पहिल्यांदाच मला ते कानाला विचित्र लागलं. त्यांनी विचारलं, "हे किती वर्षं चाललंय?" मी म्हटलं, चार. त्या म्हणाल्या, "मग मला याचं आश्चर्य वाटत नाही. अशा दिवसांत जंतू लवकर पकडतात हे खरं, पण पाणी पीत असता, वेळेवर जात असता, तर गोष्ट इथवर आली नसती. तुम्ही घेतलेल्या गोळ्यांनी हे केलेलं नाही."

मी त्यांना ते वाक्य पुन्हा बोलायला लावलं. त्या न कंटाळता पुन्हा बोलल्या. मला रडू आलं आणि रडता रडता संताप आला. माझा निर्णय ज्यांना ठाऊक होता, तो नवरा आणि मी, दोघंही चुकलो होतो. सगळा दोष आम्ही त्या निर्णयावर ढकलला, कारण तो हाताशी होता. ज्यांना काही ठाऊक नव्हतं, त्या माझ्या सासूने स्वयंपाकघरातून बघून बरोबर ओळखलं होतं.

डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून दिलं. सगळ्यात वर: गर्भपातानंतर बारावा दिवस. मध्ये तपासण्या आणि औषधं. खाली, दोनदा अधोरेखित: रोज तीन लिटर पाणी, दर दोन तासांनी लघवीला जाणे, दाबून ठेवू नये. ताप उतरला नाही तर ॲडमिट व्हावं लागेल, हे तोंडी सांगितलं. त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला गॅलरीत नेऊन सगळं सांगितलं. तो "बरं, बरं" म्हणाला.

तीन दिवस घरी राहून औषध घेतलं. ताप उतरला. सोमवारी मी बाटली रॅकवर न ठेवता माझ्या जागेवर, पायाशी ठेवली. लाइन लीडर आला. पंचविशीतला मुलगा, वागायला वाईट नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर साहेब होते.

"ताई, बाटली इथं नाही चालत."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"आणि सारखं सारखं कार्ड मागू नका हां. तुम्ही तर आपल्या बेस्ट."

मी म्हटलं, बघू. नऊ वाजता कार्ड मिळालं. अकराला खिळा रिकामा होता. कार्ड घेऊन गेलेली येईपर्यंत मी थांबले. ती आली, तर माझ्याआधी आणखी तिघी नंबर लावून होत्या. माझ्या ओटीपोटात पुन्हा ती जुनी कळ उठली. आमच्या डोक्यावर लाइनभर एक पिवळी दोरी गेलेली असायची. तार तुटली, पार्ट चुकीचा आला, काहीही अडलं तर दोरी ओढायची. दिवा लागतो, आइसक्रीमच्या गाडीसारखी धून वाजते, लीडर धावत येतो. दोघांनी मिळून अडचण सोडवली नाही तर बोर्ड जागेवर थांबतात. दर आठवड्याला आम्हाला बजावलं जायचं, अडलं तर दोरी ओढायला लाजू नका. चार वर्षांत मी ती एकदाही ओढली नव्हती.

मी ओढली.

लीडर धावत आला. "काय झालं? कुठला पार्ट?"

"पार्ट बरोबर आहे. मला लघवीला जायचंय."

त्याने आजूबाजूला बघितलं. "ताई, हळू बोला. यासाठी दोरी ओढतात का?"

"काम अडलं तर ओढा असं सांगता ना? माझं अडलंय. आता माझ्या जागी तुम्ही तरी उभे राहा, नाहीतर लाइन थांबू द्या."

त्याला टेप गुंडाळता येत नव्हती. मी हातमोजे काढून ठेवले आणि चालायला लागले. मागे बोर्ड थांबल्याचा आवाज आला. शेडमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती, फक्त ती धून वाजत होती. बाथरूममध्ये मी घाई केली नाही. हात धुतले, तोंड धुतलं, परत आले. लाइन सहा मिनिटं थांबली होती.

लाइन थांबली की कागद भरावा लागतो. किती वाजता, किती मिनिटं, कारण, उपाय. दुपारी मला ऑफिसात बोलावलं. माणसांचं बघणारे, एचआरचे साहेब चष्मा पुसत बसले होते. कागद समोर होता आणि कारणाच्या रकान्यात लीडरने "ऑपरेटरचं वैयक्तिक कारण" असं लिहिलं होतं.

"वैयक्तिक नाही," मी म्हटलं. "चौतीस जणी आहोत."

"मेडिकलचा काही कागद आहे का तुमच्याकडे?"

कागद पिशवीत होता. वरची ओळ दुमडून देता आली असती. बसमध्ये मी तशी घडी घालूनही बघितली होती. पण घडी घालायची तर उद्या कुणीतरी ती उघडणार, आणि उघडणारा समजणार की मी लपवत होते. मी कागद सरळ करून त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी वरची ओळ वाचली आणि तिथेच थांबले. दाराकडे बघितलं. आवाज एकदम मऊ झाला. "असं होतं तर. मग ताई, अशा परिस्थितीत तुम्ही महिनाभर रजा घ्यायची. यात कंपनीचा काय दोष?"

हेच ते. नवऱ्याचंच वाक्य, फक्त खुर्ची वेगळी. माझ्या आयुष्यातल्या एका सहीकडे बोट दाखवलं की सगळ्यांचे हात मोकळे होत होते.

"साहेब, खालची ओळ वाचा," मी म्हटलं. "वरची ओळ माझी आहे, तिचं मी बघून घेईन. आजारी मी खालच्या ओळीमुळे पडले. ती तुमची आहे."

ते वाचेनात. मीच वाचून दाखवली. मग मी त्यांच्या टेबलावरचं पेन घेतलं, लीडरने लिहिलेलं कारण खोडलं आणि लिहिलं: चौतीस बायकांना एकच कार्ड, त्यामुळे लघवी दाबून ठेवावी लागते, त्याने संसर्ग. उपाय: कार्ड काढून टाकणे, पाणी जागेवर ठेवू देणे. खाली सही केली. महिनाभरात ही माझी दुसरी सही. ते म्हणाले, "हा कागद वर जातो, ताई." मी म्हटलं, म्हणून तर नीट अक्षरात लिहिलाय.

कागद वर गेला. कार्ड काही निघालं नाही, पण शेजारी दुसरा खिळा ठोकला गेला आणि आणखी एक रिलीव्हर मुलगी आली. बाटल्या पायाशी ठेवायची परवानगी मिळाली. मी लाइनवरच्या नव्या-जुन्या सगळ्यांना एकेकीला गाठून सांगितलं, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, पाणी प्या. काही हसल्या, काहींनी त्याच दिवशी बाटली उघडली. दीड महिन्याने माझा करार संपला आणि पुन्हा केला गेला नाही. काम कमी आहे म्हणाले. त्याच आठवड्यात गेटवर नव्या मुली भरतीसाठी उभ्या होत्या.

संध्याकाळी मी घरी येऊन सांगितलं. नवरा मला डोळ्याने गॅलरीकडे खुणावू लागला. मी हॉलमध्येच बसून राहिले. शेवटी तोच जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीपायी चांगली नोकरी घालवलीस."

"तुम्ही शिफ्टमध्ये लघवीला जाताना कुणाला विचारता?"

"म्हणजे?"

"विचारता का कुणाला?"

"त्यात विचारायचं काय?" तो म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता. मग कळला, आणि तो खाली बघू लागला. खाली बघतच म्हणाला, "म्हणजे ते खरंच गोळ्यांमुळे नव्हतं?"

"दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं मी तुम्हाला."

"सांगितलं होतंस. मला वाटलं, तू आपली मनाची समजूत घालतेयस."

म्हणजे दोन महिने तो माझ्या शेजारी झोपत होता आणि मनात मलाच दोषी धरून मला माफ करत होता. मला त्याची माफी नको होती. आणि ही कुजबुजही मला आता नको होती. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पालेभाजी निवडत बसल्या होत्या. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आई, मला दिवस गेले होते. मी गर्भपात केला."

त्यांचा हात थांबला. नवरा उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

"मला इचारायचं तरी," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नको म्हणाला असता."

"व्हय. म्हणलेच असते."

"म्हणून नाही विचारलं."

त्यांनी भाजीकडे बघितलं. त्यांना ते पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही, आणि तसं त्या मला स्पष्ट सांगतात. पण त्या दिवशी त्या मला सोडून लेकाकडे वळल्या. "तुला ठावं हुतं?"

"हो," तो म्हणाला.

"मग ती आठ दिस पोट धरून मोरीत बसत हुती, तवा तू काय करत हुतास?"

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी त्याला मदत केली नाही.